शंकरभावजींचं फ्रान्सातलं देऊळ

या, असे जवळ येऊन बसा. ओटीच्या कडेला एक पाय खाली सोडून बसलं की मला कळतं, माणूस उठायच्या बेतात आहे. आणि हो, गेल्या खेपेला गणपतीपुळ्याला आलात आणि तिथून परस्पर माघारी फिरलात, हे मला समजलेलं आहे. देवाला भेटलात, आम्हाला विसरलात. बरं, देवापुढे आमचं काय चालणार. पण आज पाट घ्या आणि नीट मांडी घाला. शेजारच्या शंकरभावजींबद्दल सांगायचं आहे, आणि ते घाईतल्या माणसाला सांगून उपयोग नाही.

भावजींच्या पानात भात पडला की त्याचं देऊळ होतं.

थट्टा नाही करत. लग्न असो, मुंज असो, कोणाचं वर्षश्राद्ध असो, पंगत बसली आणि मूद वाढली की भावजी आधी बाह्या मागे सारतात. मग दोन्ही तळहातांनी भात लांबट करायचा, मध्ये उंच, बाजूंना उतरता. एक टोक बोटाने गोल वळवायचं, तो गाभारा. दुसऱ्या टोकाला बटाट्याची फोड उभी करायची, तो मनोरा. आपल्याकडच्या शिखरासारखा निमुळता नाही, बुटका आणि चौकोनी. शेवग्याच्या शेंगा तिरप्या करून दोन्ही अंगांना टेकवायच्या. वरण वाढणारा बिचारा पळी घेऊन समोर ताटकळत उभा.

"भावजी, वरण कुठं वाढू?"

"दुसमां. अजून छप्पर चढायचं हाय."

दुसमां म्हणजे फ्रेंच भाषेत सावकाश. मोठ्या लढाईत भावजी खेचरांच्या पलटणीबरोबर फ्रान्सात गेले होते. तिथून येताना दोन गोष्टी घेऊन आले, एक हा शब्द आणि दुसरं ते देऊळ. परत आल्यावर त्यांनी बैलगाडी घेतली. आगबोटीचा माल बंदरावरून बाजारात आणायचा, हा धंदा. तो शब्द ते बैलांना वापरतात, वाढप्यांना वापरतात, नळावर भांडणाऱ्या बायकांना वापरतात. बैल तेवढे ऐकतात. देऊळ मात्र आम्हा सगळ्यांनाच ऐकावं लागतं.

आमचे हे दिवाणी कोर्टात कारकून. लढाई संपून बरीच वर्षं झाल्यावर यांची इकडे बदली झाली, आणि आम्ही भावजींच्या शेजारचं हे घर घेतलं. मी सामान लावत होते. गडग्यापलीकडून एक उंच, वाळलेला माणूस बराच वेळ आमच्या घराकडे बघत उभा. गडगा म्हणजे आपली चिऱ्याच्या तुकड्यांची बांधावरची भिंत, चुना नाही, माती नाही, नुसते एकावर एक रचलेले दगड. मला वाटलं, पाणी-बिणी हवं का विचारणार. तर म्हणाले, "वैनी, तुमच्या घराला दार पूर्वेला हाय. माझ्या देवळाचं पश्चिमेला हाय. पुजारी पूर्वेला तोंड करून उभा ऱ्हातो, लोक त्याच्या मागं." आणि निघून गेले. हे आमचं पहिलं बोलणं.

"ते चर्च आहे," हे भावजींना पहिल्या दिवसापासून बजावत आले. "देऊळ काय म्हणतोस?"

"चर्च सायबाचं. हे गावचं हाय, आठशे वर्षांचं. गावचं असतं ते देऊळ. पुजारी सकाळी घंटा बडवतो, दिवा लावतो, आणि जो आला न्हाय त्याच्या नावानं दिवसभर बोंबलतो. आणखी काय ऱ्हायलं?"

पण कोर्टातला माणूस उत्तर नसलं म्हणून गप्प बसत नाही. त्यांनी एका रविवारी भावजींना ओटीवर बसवून रीतसर उलटतपासणी घेतली. मी आत फणसाचे गरे काढत होते. हाताला तेल आणि कान बाहेर.

"तुला फ्रेंच येतं?"

"दुसमां येतं."

"पुजाऱ्याला मराठी?"

"न्हाय."

"मग हा आठशे वर्षांचा इतिहास त्याने तुला कोणत्या भाषेत सांगितला?"

"हातांच्या."

"आठशे हा आकडा कुठून आला?"

"त्यानं आठ बोटं दाखवली."

"आठ बोटं म्हणजे आठ वर्षंसुद्धा होतील."

"व्हय. मग त्यानं दाढी दाखवली. हितवर." आणि भावजींनी हनुवटीपासून थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत हात नेला.

तुम्हाला सांगते, त्या देवळाचा सगळा इतिहास भावजींनी मग हातांनीच करून दाखवला, जसा पुजाऱ्याने त्यांना दाखवला तसा. पहिलं देऊळ लाकडाचं होतं. मग नदीतून लांबलांब होड्या आल्या, दाभोळच्या खाडीत शिराव्यात तशा शिरल्या, आणि सगळं जाळून गेल्या. "होड्या कशावरून?" यांनी विचारलं. तर म्हणे पुजारी आपला लांब काळा झगा सावरून भर रस्त्यात खाली बसला आणि वल्हवायला लागला. मग गावाने ठरवलं की आता जळणार नाही असं बांधायचं. जवळच पांढऱ्या दगडाची खाण होती. दगड खडूसारखा, खाणीतून निघतो तेव्हा नखानेसुद्धा ओरखडा उठतो, पण वारा-ऊन खाऊन कडक होतो. "आपल्या चिऱ्यासारखाच," भावजी म्हणाले, आणि एवढ्या लांबच्या मुलखात आपल्या जांभ्याचा भाऊबंद भेटल्याचा आनंद त्यांच्या तोंडावर अजून होता.

भिंती इतक्या जाड की खिडकीच्या कोनाड्यात माणूस पाय पसरून झोपेल. खिडक्या बारक्या, वरून गोल. कारण छप्परसुद्धा दगडाचंच, मोठी खिडकी पाडली तर भिंत म्हणणार, मी नाही बाबा हे ओझं धरत. खांबांच्या माथ्यावर गवंड्यांनी तोंडं कोरलेली. एकाची दाढ दुखते आहे, एक झोपलेला आहे, आणि एक बाई जीभ बाहेर काढून येणाऱ्या-जाणाऱ्याला वेडावते आहे. ही गवंड्याची सासू, असं भावजींचं मत. पुजाऱ्याने तसं काही दाखवलं नव्हतं, पण भावजींना खात्री आहे.

पुढे दोन राजांची भांडणं झाली, त्यात देवळाची उजवी बाजू पडली. ती पणतवंडांनी परत बांधली तेव्हा नवी पद्धत आली होती, खिडक्या उंच आणि वर टोकदार. डावीकडच्या जुन्या गोल, उजवीकडच्या नव्या टोकदार. भावजी म्हणाले, "वैनी, एका माजघरात आजेसासू नऊवारीत आन नातसून पाचवारीत, तसं दिसतं ते. पण दोघी एकाच छपराखाली हायत." आणखी पुढे लोकांनी आपल्या राजालाच मारलं, घंटा वितळवून तिची तोफ केली, तेव्हा एका म्हातारीने देवाची मूर्ती गोठ्यात गवताखाली लपवली. गाय ती मूर्ती वर्षभर चाटत होती म्हणून देवाचं नाक झिजलं. हेसुद्धा हातांनी सांगितलेलं, बरं का. गाय झालेला पुजारी मला भावजींमुळे पाहायला मिळाला.

"आणि गाभारा सरळ न्हाय," ते म्हणाले. "देवळाच्या मानानं जरासा डावीकडं कलता."

"गवंड्याची दोरी चुकली," हे म्हणाले.

"चुकली असंल. लोक म्हणतात, क्रुसावरच्या देवानं मान कलती केली हाय."

छप्पर आतून कसं दिसतं ते मात्र हातांनी दाखवता येईना, त्यासाठी भावजी यांना मांडवीच्या किनाऱ्यावर घेऊन गेले. पावसाळ्याआधी होड्या वर ओढून उपड्या घालतात ना, त्यातल्या एका मोठ्या होडीखाली यांना सरपटत नेलं. "आता वर बघा. ह्या फासळ्या म्हंजे दगडाच्या कमानी." होडीला आतून नुकतंच डांबर लावलेलं. ज्याची होडी होती तो खारवी हसून हसून वाळूत बसला. संध्याकाळी हे घरी आले ते पाठीमागून काळे.

"छप्पर कळलं का?" मी विचारलं.

"छप्पर कळलं. धोतर गेलं."

तर असे आमचे भावजी. बायको नाही, पोर नाही. लग्नाचं कोणी काढलं तर दुसमां म्हणायचे, आणि होता होता वय निघून गेलं. गावातली मंडळी म्हणायची, लढाईत तोफेच्या आवाजाने टाळकं हललंय. मीही म्हणायची, असेल. चार महिने खेचरं बांधली एका देवळाच्या दारात, त्याचं एवढं काय.

मग एका वर्षी पावसाळा फार लागला, आणि दसऱ्याच्या सुमारास बघितलं तर भावजींच्या घराची आमच्या अंगाची भिंत फुगली होती. पोटच आलं होतं तिला. ही भिंत त्यांच्या मागच्या खोलीची. घर चांगलं ओळंब्यात बांधलेलं, आणि ही एक खोली मागून जोडल्यासारखी, जराशी तिरकी. मेस्त्री बोलावला. त्याने भिंतीवर दोन टिचक्या मारल्या आणि म्हणाला, "पाडा. नवी बांधून देतो. कोणत्या गाढवानं बांधलीय ही? ओळंबा धरला न्हाय, सांध्यावर सांधा आणलाय, नुसते तुकडे रचलेत गडग्यासारखे."

भावजी एरवी कोणावर चिडत नाहीत. त्या दिवशी ते उठून उभे राहिले. "च्या घे आन जा," एवढंच म्हणाले. चहा मेस्त्रीच्या हातात द्यायलाही ते थांबले नाहीत, तो मीच दिला.

"पाडायची न्हाय," त्यांनी मला सांगितलं. "धिरे द्यायचे. माझ्या देवळाला हायत तसे."

धिरा म्हणजे टेकू, हे तुम्हाला ठाऊक आहे. केळीला देतो, वाकलेल्या फांदीला देतो. त्यांच्या देवळाला म्हणे असे दगडी धिरे होते, बाहेरून भिंतीला टेकवलेले, खाली रुंद आणि वर अरुंद. पानातल्या शेवग्याच्या शेंगा म्हणजे तेच. तर तसे दोन धिरे दिले की भिंत शंभर वर्षं हलत नाही.

अडचण एवढीच होती की भावजींची भिंत आणि आमचा गडगा यांच्यामध्ये मांजर जाईल एवढीच जागा. धिऱ्याला खाली चांगला दोन हात पाया लागतो. म्हणजे गडगा तेवढ्यापुरता काढून धिरा आमच्या परसात यायला हवा.

आता तुम्ही कोकणातले असाल तर मला पुढचं सांगायला नको. आपल्याकडे माणूस ताटातला मासा देईल, झाडावरचा फणस देईल, पण बांधाची वीतभर जमीन मागितलीत की त्याला पणजोबा आठवतात. त्यातून आमचे हे दिवसभर कोर्टात बांधांचीच भांडणं लिहून घेणार. दर दिवाळीला सुतळी घेऊन गडगा मोजणारा माणूस हा. गडगा काही रात्रीतून चालत नाही, असं मी म्हटलं की म्हणायचे, "तू कोर्टात ये एकदा, चालणारे गडगे दाखवतो."

भावजींनी विचारलं तेव्हा हे शांतपणे म्हणाले, "शंकर, तू माणूस चांगला. पण आज धिरा, उद्या वहिवाट, परवा दावा."

"मी कशाला दावा लावू?"

"तू नाही लावणार. तुझा वारस लावील."

"मला वारस न्हाय."

"ज्याला वारस नाही त्याला तर फार निघतात," हे म्हणाले.

बोलणं तिथेच राहिलं. थंडी गेली, शिमगा गेला. यांनाही आतून बरं वाटत नव्हतं, नाही असं नाही. गडग्याकडे पाठ करून दात घासायला लागले होते. शेवटी यांनीच तोड काढली की देवीला कौल लावू. म्हणजे आपण नाही म्हणायला नको, देवीच म्हणेल. गुरवाने देवीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या कळ्या चिकटवल्या, उजवी पडली तर जागा द्यावी, डावी पडली तर देऊ नये. आम्ही सगळे हात जोडून उभे. बराच वेळ कळी हलेना. मग कुठून वाऱ्याची झुळूक आली कोण जाणे, दोन्ही एकदम गळल्या.

भावजी उजवीकडे बोट दाखवत होते, हे डावीकडे. गुरव म्हातारा होता, त्याने कळ्या उचलल्या आणि म्हणाला, "देवी म्हणते, तुमचं तुम्ही बघा, मला यात ओढू नका."

वैशाख सरत आला. कातळावर दुपारी उभं राहवेना, आणि संध्याकाळी दक्षिणेकडे ढग जमायला लागले. भिंतीचं पोट वाढलेलं, वरच्या कोपऱ्यात बोट जाईल अशी भेग. मृगाचा पाऊस बसला की ती जाणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. गावातले लोक चांगल्या मनाने भावजींना समजावून गेले, पाड बाबा, माणूस आत झोपलेला असताना पडली तर? भावजी ऐकून घ्यायचे आणि त्याच खोलीत झोपायचे.

एका दुपारी ते आमच्या ओटीवर आले. बसले नाहीत. यांना म्हणाले, "आप्पा, शेवटचं विचारतो."

"मी पण शेवटचं विचारतो," हे म्हणाले. "पाडत का नाहीस? मेस्त्री सरळ बांधून देतोय. तुझ्याच जागेत, कोणाची वीत न घेता. त्या फ्रान्सातल्या लोकांनी धिरे दिले, कारण त्यांचं देऊळ आठशे वर्षांचं. तुझी भिंत काय आठशे वर्षांची आहे?"

"न्हाय. सोळा-सतरा."

"मग?"

भावजी खांबाला टेकून उभे राहिले. मी दारात होते, हातात पाण्याचा तांब्या, तो द्यायचं विसरले.

"मी तिकडं देऊळ बघायला गेलो न्हवतो," ते म्हणाले. "आमच्या खेचरांवर गोळा पडला. खेचरं मेली. माझी मांडी फाटली. बर्फ पडत हुतं, रस्ते बंद, म्हणून मला त्या देवळात नेऊन ठेवलं. गवतावर, डाव्या भिंतीशी. उठता येत न्हवतं. दिवस उजाडला की वर छप्पर, मावळला की छप्पर. दगड अन् दगड पाठ झाला. पुजारी संध्याकाळी येऊन बसायचा. मी रडाय लागलो की तो कायतरी करून दाखवायचा. होड्या, गाय."

इतकी वर्षं आम्ही त्या होड्यांना हसत होतो.

"ती डावी भिंत कललेली हुती. बाहेरनं पाच धिरे, पाची निराळ्या दगडाचे. मला चालता आलं तेव्हा पुजाऱ्यानं नेऊन दाखवले. हा आज्यानं दिला, हा आज्याच्या आज्यानं. मी खुणेनं विचारलं, सरळ का न्हाय बांधली? तर त्यानं भिंतीला पाठ लावली, पाय लांब केले आन तसाच तिरका उभा ऱ्हायला. म्हातारं माणूस वाकलं तर आपण त्याला मागनं धरतो, पाडत न्हाय. असं म्हणला. म्हंजे बोलला न्हाय. उभा ऱ्हायला."

आणि पुढचं त्यांनी अंगणाकडे बघत सांगितलं.

"लांज्याचा एक शिपाई जखमी होऊन आधीच घरी आला हुता. त्यानं गोळा पडताना लांबनं बघितलं हुतं. त्यानं येऊन सांगितलं, शंकर गेला. भावकी जमली. भटजी दर्भ घेऊन आले, पुतळा करून जाळायला. माझी आय म्हणाली, आज न्हाय, मला काम हाय. आन खाणीवर गेली. फुटके चिरे टाकून देतात ना, ते डोकीवरनं आणायला लागली. कोणी गवंडी येईना, मेलेल्याच्या नावानं कोण बांधणार. मग तिनं स्वताच रचली भिंत. चिखल तुडवला, दगड लावले. ओळंबा काय असतो तिला काय म्हाईत. लोक म्हणले, म्हातारी खुळावली. ती म्हणायची, मेलेल्याला कोण खोली बांधतं? मी बांधतेय, म्हंजे तो हाय. भटजी दर म्हयन्याला यायचे, ती म्हणायची, छप्पर व्हायचं हाय, मग बघू."

"मग?" मीच विचारलं.

"छप्पर झालं आन मी आलो. दारात उभा ऱ्हायलो तर म्हणली, पाय धू आदी. खोली झालेली हाय. पुढं तीन-चार पावसाळे हुती. तिनं कधी काय बोलून न्हाय दाखवलं, आन मी न्हाय. पण आप्पा, मी तिकडं त्या भिंतीला टेकून पडलो हुतो, तवा ती हिकडं ही रचत हुती. आता तिला पाडू व्हय?"

आमचे हे उठले. खुंटीवरची टोपी घातली, म्हणजे कोर्टात जाताना घालतात तशी, आणि कोनाड्यातली सुतळी काढून परसात गेले. मला वाटलं, झालं, हा माणूस आता मोजणार. मोजलंच. गडगा मोजला, भिंतीचं पोट मोजलं, खाली बसून काटकीने जमिनीवर दोन रेघा ओढल्या. मग तिथूनच ओरडले, "शंकर, इकडे ये."

भावजी गेले.

"धिरा मी तुला देऊ शकत नाही. कायद्याने ते बरोबर नाही. पण माझ्या जागेत मी माझा स्वतःचा धिरा बांधू शकतो. दोन बांधू शकतो. ते माझे असतील, माझ्या मालकीचे. आता माझे धिरे तुझ्या भिंतीला टेकतील, त्याबद्दल तुला तक्रार करता येईल. करणार आहेस?"

भावजी जरा विचारात पडले. "न्हाय," म्हणाले.

"मग मिटलं. उद्या मेस्त्रीला बोलाव. आणि तो भिंतीला काही बोलला तर त्याला माझ्याकडे पाठव."

मेस्त्री आला. गडग्याचा तेवढा भाग उतरवला, पाया खणला, ताजे चिरे आले. भावजींनी अंगणात देवळाचे धिरे काढून दाखवले, खाली किती रुंद, वर कुठे निमुळते. मेस्त्री आधी नाक मुरडत होता, मग त्यालाही रंग चढला. ढग रोज खाली येत होते आणि हे कोर्टातून आल्या आल्या आपल्या धिऱ्यांवर देखरेख करायला उभे. "माझ्या धिऱ्याचा सांधा नीट बसव," असं मेस्त्रीला सांगताना मी स्वतः ऐकलं.

ज्या दिवशी वरचे दगड भिंतीशी जुळवायचे होते, त्या दिवशी मी सगळ्यांसाठी चहा केला. मेस्त्रीला दिला, गड्यांना दिला, यांना दिला. भावजी कुठे दिसेनात. इतक्या वर्षांत ज्याने धिरा धिरा करून आमचे कान किटवले, तो माणूस धिरा चढताना हजर नाही. मी कप घेऊन त्यांच्या घरात गेले. पुढे कोणी नाही. मागच्या खोलीत डोकावले.

भावजी भिंतीशी उभे होते, दोन्ही तळहात तिच्यावर टेकून. बाहेर मेस्त्री ठोकत होता, एकेका ठोक्याला आतली माती भुरभुर गळत होती, त्यांच्या केसांवर, खांद्यांवर. मला बघून त्यांनी हात काढले नाहीत.

"वैनी, भायेर ठोके बसतायत," ते हळू आवाजात म्हणाले. "आतनं कोणीतरी धराय पायजे. घाबरंल ती."

मी कप कोनाड्यात ठेवला, पदर खोचला आणि त्यांच्या शेजारी हात टेकले. चहा गार झाला. मेस्त्रीचे ठोके थांबेपर्यंत आम्ही तसेच उभे होतो.

आता ती भिंत कशी आहे ते मी सांगत बसत नाही. परसात चला आणि तुम्हीच बघा, मृग लागला की तिथे चिखल होतो. या घरातला माणूस तुम्हाला धिरे आमचे आहेत म्हणून सांगेल, पलीकडचा भिंत आईची आहे म्हणून सांगेल. दोघांनाही हो म्हणा आणि आता आलाच आहात तर दोन दिवस राहून जा. आणि पुढच्या खेपेला परस्पर जाऊ नका.